नंबर लावलाय, कॅमेरा येत नाही: मग करायचं काय?

फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय हा कॅमेरा २० फेब्रुवारी २०२४ रोजी टोकियोत जाहीर झाला आणि सुमारे आठवड्याभराने विक्रीला आला. पण दुकानात जाऊन पैसे मोजले आणि कॅमेरा घेऊन घरी आलो, असं त्यानंतर बराच काळ फार थोड्यांच्या वाट्याला आलं. त्याआधी निकॉनच्या झेड९ची हीच गत होती. रिकोच्या जीआर मालिकेची आणि कॅननच्या जी७एक्स मार्क ३ची टंचाईही परिचयाची आहे. दर वेळी वाचकांचे प्रश्न तेच असतात. पूर्ण पैसे आधी भरावेत का? दुकानदार तारीख देत नाही, मग करायचं काय? वीस-तीस हजार जादा दिले तर उद्या मिळतो म्हणतात, घ्यावा का? दुबईहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगावं का?

या प्रश्नांमागे एक समज दडलेली असते: थांबणं म्हणजे काहीच न करणं. प्रत्यक्षात नंबर लावता तेव्हा तुम्ही एक व्यवहार करत असता. त्या व्यवहाराची किंमत ठरलेली हवी, मुदत ठरलेली हवी आणि त्यातून बाहेर पडायचा रस्ताही ठरलेला हवा. या तीन गोष्टी कागदावर असतील तर थांबणं बहुतेकांच्या फायद्याचं ठरतं. नसतील तर तुमच्या संयमाचा फायदा दुसराच कुणीतरी घेतो. पुढचं सगळं या एका मुद्द्याभोवती आहे.

टंचाई कसली आहे, ते आधी ओळखा

कॅमेरा का मिळत नाही याची कारणं जाणून घ्यायची ती एवढ्यासाठी, की ही टंचाई आटपणारी आहे की चालूच राहणारी, याचा अंदाज यावा. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेची आकडेवारी पाहा. २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही आत होता. मधल्या काळात फोनने साधे कॅमेरे खाऊन टाकले आणि कंपन्यांनी कारखाने, जोडणीच्या ओळी, माणसं सगळंच कमी केलं. अशा आखडलेल्या उद्योगात एखादं मॉडेल अचानक चाललं, तर उत्पादन दुप्पट करायला लागणारी जागा आणि सुटे भाग तयार नसतात. शिवाय ही लाट वर्षभरात ओसरली तर वाढवलेल्या क्षमतेचं करायचं काय, ही भीती कंपनीला असतेच. एक्स१००व्ही हे आधीचं मॉडेल २०२० मध्ये आलं. दोनेक वर्षांनी समाजमाध्यमांवरच्या तरुण मंडळींनी ते उचलून धरलं आणि मग ते मिळेनासं झालं. तेव्हा कंपनीच्या दृष्टीने ते जुनं होत चाललेलं मॉडेल होतं. पुढच्या मॉडेलचं उत्पादन कंपनीने जपानऐवजी चीनमधल्या कारखान्यात नेलं, तरीही पहिल्या वर्षी मागणी गाठता आली नाही.

दुसरा प्रकार आपत्तीचा. एप्रिल २०१६च्या कुमामोतो भूकंपात सोनीचा सेन्सरचा कारखाना बंद पडला आणि त्यावर अवलंबून असलेल्या इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनाही फटका बसला. पहिला एक्स१०० तर मार्च २०११ मध्ये बाजारात येत असतानाच जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या भूकंपाने मियागी प्रांतातला त्याचा कारखाना थांबवला. आपत्तीतली टंचाई तीव्र असते, पण कारखाना सुरू झाला की सुटते. मागणीच्या लाटेतली टंचाई रेंगाळते. तिसरा प्रकार दुकानातला: माल आलेला असतो, पण तो मागच्या दाराने जादा भावात जातो. पहिल्या दोहोंत थांबण्याला अर्थ आहे. तिसऱ्यात थांबण्यापेक्षा दुकान बदललेलं बरं.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला अशा रांगेची आठवण आहे. आकुर्डीच्या बजाज चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत, आणि ज्याचा नंबर लागे तो ती 'ऑन'मध्ये, म्हणजे ठरल्या किमतीवर जादा घेऊन, विकून चार पैसे करी. पण तिथे किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्याने ठरायचं, म्हणून रांग हटत नसे. कॅमेऱ्याच्या उत्पादनावर असं बंधन कुणी घातलेलं नाही. जो कॅमेरा खपतो तो कंपनीला अधिक बनवायचाच असतो. म्हणजे इथे दुर्मीळ आहे तो काळ. कॅमेरा बनणारच आहे, प्रश्न फक्त तुमच्या हातात कधी पडतो एवढाच. 'ऑन' द्यावा की नाही, हे ठरवताना हा फरक लक्षात ठेवा.

नंबर कितवा, यापेक्षा महिन्याला माल किती येतो ते विचारा

'तुमचा पंचविसावा नंबर' या वाक्यातून काहीच कळत नाही. दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. गेल्या दोन महिन्यांत या मॉडेलचे किती नग आले? माझ्या आधी याच रंगासाठी किती जण आहेत? कंपनीकडून माल थेट येतो की वितरकाकडून? समजा तुमच्या पुढे २४ जण आहेत आणि महिन्याला चार नग येतात, तर सरळ हिशेबाने सहा महिने. एखाद्या छोट्या शहरातल्या दुकानाला महिन्याला एखादाच नग मिळत असेल, तर तिथे पाचवा नंबरही मोठ्या विक्रेत्याकडच्या विसाव्या नंबरपेक्षा वाईट.

हा हिशेब सहसा प्रत्यक्षापेक्षा जास्त निराशाजनक असतो, हेही ध्यानात घ्या. टंचाईत माणसं दोन-तीन ठिकाणी नाव लावतात. एका ठिकाणी मिळाला की बाकीची नावं गळतात. त्यामुळे माल यायला लागला की रांग अपेक्षेपेक्षा भराभर सरकते. तुम्हीही दोन ठिकाणी नाव लावायला हरकत नाही. एक कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात किंवा मोठ्या अधिकृत विक्रेत्याकडे, दुसरं ओळखीच्या स्थानिक दुकानात. पाच ठिकाणी लावू नका, कारण पाच ठिकाणी अडकलेली आगाऊ रक्कम सोडवत बसणं हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. काळा किंवा चंदेरी कुठलाही चालेल, असं सांगता आलं तर अवश्य सांगा. रंगाचा हट्ट सोडणाऱ्याचा नंबर बऱ्याचदा आधी लागतो.

बुकिंगची पावती: सगळी मेख इथेच आहे

दुकानदार साध्या कागदावर 'अॅडव्हान्स मिळाला' असं लिहून शिक्का मारून देतो आणि आपण तो खिशात घालतो. या कागदाचा पुढे काही उपयोग होत नाही. त्यावर पुढच्या गोष्टी नसतील तर तिथेच, काउंटरवरच, लिहून घ्या:

- मॉडेलचं पूर्ण नाव आणि रंग. 'फुजी कॅमेरा' एवढं पुरेसं नाही.
- ठरलेली किंमत, जीएसटीसह. आणि मधल्या काळात कंपनीने किंमत वाढवली किंवा उतरवली तर बुकिंगच्या दिवशीची लागू होईल की डिलिव्हरीच्या दिवशीची.
- भरलेली रक्कम, भरण्याचा मार्ग, तारीख, दुकानाचा जीएसटी क्रमांक.
- रांगेतला क्रमांक.
- परताव्याची अट.

यातली शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. 'कंपनीच आम्हाला तारीख देत नाही, आम्ही कुठून लिहून देऊ?' असं दुकानदार म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. प्रामाणिक विक्रेत्यालाही पुढच्या महिन्यात किती नग येतील हे माहीत नसतं. म्हणून त्याच्याकडे डिलिव्हरीची तारीख मागत बसू नका, परताव्याची मागा. 'अमुक तारखेपर्यंत कॅमेरा न दिल्यास ग्राहकाने मागितल्यावर सात दिवसांत पूर्ण रक्कम परत' असं वाक्य लिहायला त्याला कंपनीला विचारावं लागत नाही. जो हे वाक्य लिहून द्यायला तयार नाही, त्याला तुमच्या बिनव्याजी पैशांत रस आहे असं समजायला हरकत नाही. असं वाक्य नसेल तर पुढे तक्रार करताना 'उशीर झाला' हे सिद्ध कशाच्या आधारे करायचं, हा प्रश्न उभा राहतो. मुदतच ठरली नव्हती तर ती टळली कशी?

आगाऊ रक्कम किती द्यावी? नाव गंभीरपणे घेतलं जाईल एवढी, आणि अडकली तरी झोप उडणार नाही एवढीच. पूर्ण रक्कम भरण्यात तुमचा एकच फायदा सांगितला जातो, तो म्हणजे नंबर वर जाईल. तो खरोखर वर जाणार असेल तर तसं लिहून घ्या. दीड लाख रुपये सहा महिने आधी भरले, तर सात टक्क्यांच्या ठेवीच्या दराने सव्वापाच हजार रुपयांचं व्याज तुम्ही सोडता, आणि दुकान बंद पडण्याचा धोका डोक्यावर घेता तो वेगळाच. पैसे रोख देऊ नका. कार्डाने किंवा यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. क्रेडिट कार्डाने दिले असतील आणि माल आलाच नाही, तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. मात्र त्यालाही मर्यादित मुदत असते, तेव्हा बँकेला आधी विचारून ठेवा. हप्त्यांवर घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: हप्ता बुकिंगपासून सुरू होतो की बिलापासून? हातात नसलेल्या कॅमेऱ्याचे हप्ते फेडण्यात काही मतलब नाही.

'ऑन' देऊन लगेच घ्यावा का?

आता ज्या प्रश्नावर बहुतेकांचं घोडं अडतं तो. जादा पैसे दिले तर मिळतो तो वेळ. तेव्हा त्या वेळेची किंमत काढा. समजा छापील किमतीवर ३० हजार मागितले जात आहेत आणि तुमचा नंबर साधारण पाच महिन्यांनी लागेल. म्हणजे महिन्याला सहा हजार रुपये तुम्ही केवळ आधी मिळण्यासाठी देता. त्या पाच महिन्यांत तुम्ही तो कॅमेरा नेमका किती दिवस वापरणार? दोन सहली आणि घरातलं एक लग्न असेल, तर तेवढ्या दिवसांसाठी कॅमेरा भाड्याने घेणं स्वस्त पडेल. मुंबई-पुण्यात भाड्याची दुकानं आहेत. अनामत आणि ओळखपत्र ठेवलं की दिवसाच्या हिशेबाने कॅमेरा मिळतो. एखाद्या व्यावसायिकाला त्याच कॅमेऱ्यावर ठरलेलं, पैशाचं काम मिळालं असेल तर गणित बदलतं, पण तसे वाचक थोडे. आणि त्यांनाही भाड्याचा पर्याय आहेच.

हिशेबाखेरीज कायद्याचा भागही आहे. भारतात सीलबंद पेटीवर छापील कमाल किंमत असावी लागते आणि वैधमापनाच्या २०११च्या नियमांनुसार कुठल्याही विक्रेत्याला तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्यामुळे दुकानातला 'ऑन' कधीच बिलावर दिसत नाही. तो दोन रूपांत येतो. एक तर 'बिल छापील किमतीचं, वरचे रोख द्या'. नाहीतर 'कॅमेरा सुटा मिळणार नाही, बॅग, ट्रायपॉड, कार्ड, फिल्टर असा सेट घ्यावा लागेल'. पहिल्या प्रकारात वरच्या रकमेचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही. दुसऱ्यात पुरावा बिलावरच असतो, आणि एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या व्याख्येनुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे. त्याच व्याख्येत आणखी एक वाक्य आहे, ते फार कुणाला ठाऊक नसतं: ठरलेल्या मुदतीपेक्षा माल द्यायला उशीर करणं, ज्यामुळे किंमत वाढली किंवा वाढू शकते, हेही त्यात मोडतं.

गळ्यात मारल्या जाणाऱ्या सामानात उपयोगाचं किती असतं, ते एक्स१००व्हीआयच्याच उदाहरणावरून पाहू. या कॅमेऱ्याला कार्डाची एकच खाच आहे आणि ती यूएचएस-१ प्रतीची आहे. सेटमध्ये महागडं यूएचएस-२ कार्ड दिलं तर त्याचा जादा वेग कॅमेऱ्याला वापरताच येणार नाही. बॅटरी एनपी-डब्ल्यू१२६एस ही जुनीच, फुजीच्या कितीतरी मॉडेलांत चालणारी आहे. ती कुठेही मिळते. उपयोगाची असते ती भिंगापुढची जोडकडी (अॅडॉप्टर रिंग) आणि तिच्यावर बसणारा ४९ मिमीचा संरक्षक फिल्टर, कारण त्यांच्याशिवाय हा कॅमेरा पावसाळी हवेला तोंड देण्याजोगा बंद होत नाही. कोकणात किंवा सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये फिरणाऱ्यांना हे दोन नग लागतीलच. सेटमध्ये नेमके हेच नसतात, ही गंमत. कॅमेरा यायच्या आधी सामान जमवत बसू नका. नंबर रद्द करावा लागला तर ते सगळं पडून राहतं.

यावरचे आक्षेप

'थांबलो तर किंमत वाढेल' हा आक्षेप खोटा नाही. रुपया घसरला, आयात शुल्क बदललं की आयात मालाची छापील किंमत बदलते. अमेरिकेत आयात शुल्क वाढल्यावर २०२५ मध्ये फुजीच्या कॅमेऱ्यांच्या किमती वाढल्याच. पण उद्या कदाचित पाच-दहा टक्के वाढेल म्हणून आज नक्की वीस टक्के जादा देणं हा सौदा आतबट्ट्याचा आहे. या भीतीवरचं उत्तर पावतीत आहे: बुकिंगच्या दिवशीची किंमत कायम राहील, अशी ओळ. सगळे विक्रेते ती देत नाहीत. देणारा सापडला तर थोड्या लांबच्या नंबरासाठीही त्याच्याकडे जा.

'एक्स१००व्हीवाले थांबले आणि थांबतच राहिले' हा त्याहून वजनदार आक्षेप. त्या मॉडेलची टंचाई सुटली नाही. पुढचं मॉडेल आलं आणि जुनं मागे पडलं. थांबलेल्या माणसाचं मात्र नुकसान झालं का, तेही पाहायला हवं. त्या काळात वापरलेले एक्स१००व्ही नव्याच्या मूळ किमतीपेक्षा महाग विकले जात होते. त्या भावात घेणाऱ्याने मोजले तेवढ्याच्या आसपासच्या पैशांत पुढे थांबलेल्याला ४ कोटी पिक्सेलचा सेन्सर आणि हातातली थरथर सावरणारी यंत्रणा असलेलं नवं मॉडेल मिळालं. यातून घेण्यासारखं एवढंच, की मॉडेल चार वर्षांचं झालं असेल आणि अजूनही मिळत नसेल, तर त्याच्या रांगेत नव्याने उभं राहू नये. मॉडेल नवं असेल तर रांगेत उभं राहावं.

'मागणी आहे तोवर विकतानाही भाव मिळेल, मग ऑन देण्यात तोटा कसला?' असं म्हणणारे कॅमेरा घेत नसून सट्टा खेळत असतात. पुरवठा ज्या महिन्यात सुरळीत होतो त्याच महिन्यात हा भाव कोसळतो, आणि तो महिना आधी सांगून येत नाही.

थांबण्याच्या बाजूने एक मुद्दा असाही आहे, ज्याकडे घाईत दुर्लक्ष होतं. पहिल्या खेपेच्या मालात दोष निघतात. निकॉनचा झेड८ मे २०२३ मध्ये बाजारात आला आणि काही महिन्यांतच पट्टा अडकवायच्या कडीच्या तक्रारीवरून कंपनीला ठरावीक अनुक्रमांकांचे कॅमेरे विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागले. कॅननच्या आर५ला २०२० मध्ये व्हिडिओ काढताना तापण्याच्या तक्रारींनंतर महिन्याभरात सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं. दुरुस्ती सगळ्यांनाच मिळते, हे खरं. पण सेवाकेंद्राची वारी पहिल्या खेपेच्या ग्राहकालाच करावी लागते.

'इम्पोर्ट पीस' आणि परदेशातून आणणं

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा कुठल्याही मोठ्या शहराच्या कॅमेरा बाजारात 'बिलाचा हवा की बिनबिलाचा?' असं विचारलं जातं. बिनबिलाचा म्हणजे अधिकृत आयातदाराला वळसा घालून आलेला. तो स्वस्त असतो तेव्हा मोह समजू शकतो. टंचाईत तो स्वस्तही नसतो. भारतातली वॉरंटी मिळत नाही, विम्याला बिल लागतं ते नसतं, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक भाव पाडतं. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दुबईहून, सिंगापूरहून किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आणवताना दोन गोष्टी तपासा. त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का, हे कंपनीच्या भारतातल्या सेवाकेंद्राला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आणि प्रवाशाच्या सामानाला शुल्कमाफी ठरावीक रकमेपर्यंतच असते. ती मर्यादा अधूनमधून बदलते, म्हणून प्रवासाआधी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहा. वरच्या रकमेवर शुल्क भरलं तर त्याची पावती घ्या. जपानमधून आणवत असाल तर आणखी एक खबरदारी: सोनीच्या खास जपानी बाजारासाठीच्या मॉडेलांचा मेनू फक्त जपानी भाषेत असतो.

'स्टॉक उपलब्ध, चाळीस टक्के सवलत' अशा जाहिराती टंचाईच्या काळातच उगवतात. जो कॅमेरा कुणाकडेच नाही तो एखाद्या अनोळखी संकेतस्थळाकडे निम्म्या किमतीत असण्याचं कारण एकच असतं. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा. जितकं लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

तोवर काय वापराल

ज्या गुणासाठी तो कॅमेरा हवा आहे तो गुण दुसरीकडे मिळतो का, ते पाहा. एक्स१००व्हीआयचा सेन्सर एक्स-टी५ आणि एक्स-टी५० मध्येही आहे, आणि फिल्मसारखे रंग देणाऱ्या तयार छटा फुजीच्या जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांत आहेत. त्यांना २३ मिमीचं भिंग लावलं की चौकटही तीच. न मिळणारी गोष्ट म्हणजे खिशाजोगा आकार आणि डोळा लावून पाहायचा प्रकाशीय दर्शक (ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर). या दोहोंशिवाय चालणार असेल तर रांगेतून बाहेर पडणं शहाणपणाचं. वापरलेला जुना कॅमेरा घेऊन तोवर काम भागवायचं असेल, तर तो रोजच्या भावात घ्या, लाटेतल्या भावात नको.

मुदत उलटली तर

पावतीवरची तारीख गेली, फोन करून उपयोग होईना, तर क्रमाने जा:

१. विक्रेत्याला ईमेल करा. पावतीचा फोटो, मुदतीची तारीख आणि रक्कम परत हवी की अमुक दिवस आणखी थांबायला तयार आहात, ते स्पष्ट लिहा. फोनवरच्या बोलण्याला पुढे किंमत नसते.

२. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. नैसर्गिक आपत्तीसारख्या अटळ कारणाने झालेला उशीर याला अपवाद आहे. आणि मंच स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द करताना तुम्हाला भरपाई देत नसेल, तर तुम्ही रद्द केल्यावर रद्दशुल्कही लावू शकत नाही.

३. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. इथे मराठीतही बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण कंपनीच्या वरच्या कार्यालयात तक्रार पोचते.

४. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार दाखल होते, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते. मुदत दोन वर्षांची.

५. छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याचा पुरावा असेल तर राज्याच्या वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे वेगळी तक्रार करता येते.

आयोगाकडून काय मिळतं याबद्दल भ्रम नको. पैसे परत, त्यावर व्याज, त्रासाची भरपाई हे मिळू शकतं. कॅमेरा आयोग आणून देणार नाही. म्हणून पैसे परत घेण्याच्या आधीच दुसऱ्या ठिकाणचा नंबर चालू असावा.

अमेरिकेतल्या वाचकांचं काम याहून सोपं आहे. तिथल्या संघराज्य व्यापार आयोगाच्या नियमाप्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत, माल पाठवायचा असतो. जमत नसेल तर थांबता की पैसे परत घेता, हे त्यानेच ग्राहकाला विचारायचं असतं.

कॅमेरा आला, तेव्हा

इतके दिवस थांबल्यावर दुकानातून फोन येतो आणि माणूस धावत सुटतो. पैसे उरलेले असतील तर ते पेटी तपासल्यावर द्या. पेटीवरच्या चिकटपट्टीवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, उत्पादनाचा महिना-वर्ष, छापील किंमत आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असायला हवा. यापैकी काही नसेल, किंवा मूळ चिकटपट्टीवर दुसरी चिकटवलेली दिसली, तर उघडण्याआधी विचारा. उत्पादनाचा महिना वाचा: फार आधी बनलेला माल तुमच्यापर्यंत आज पोचत असेल, तर तो मधल्या काळात कुठे होता? पेटीचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा आणि फोनवर चित्रण करा. पेटीवरचा अनुक्रमांक, कॅमेऱ्याच्या तळाशी किंवा वळत्या पडद्यामागे असलेला अनुक्रमांक, वॉरंटी कार्डावरचा आणि बिलावरचा, असे चारही क्रमांक एक आहेत का ते पाहा. कॅमेरा सुरू करून पहिल्या फोटोच्या फाइलचा क्रमांक बघा. नव्या कार्डावर तो चारशेच्या घरात निघाला तर हा नग आधी कुणीतरी हाताळलेला आहे. भिंगावर बोटांचे ठसे, पडद्याची संरक्षक पट्टी उचललेली, पट्ट्याची पिशवी फाडलेली, अशा खुणा दिसल्या तर नग बदलून मागा. 'दुसरा नाहीये, यासाठीच तर इतके दिवस थांबलात' असं उत्तर येईल. डिस्प्लेत ठेवलेला नग नव्याच्या भावात देण्याचं कारण टंचाई होऊ शकत नाही. तो घ्यायचाच ठरवलात तर किंमत कमी करून आणि 'डिस्प्ले नग' असं बिलावर लिहूनच घ्या. नाहीतर पावतीतलं परताव्याचं वाक्य दाखवा आणि पुढचा नग येईपर्यंत तुमचा क्रमांक कायम राहील, हे त्याच पावतीवर लिहून घ्या.